कुजणारे लाकूड कसे ओळखावे, कुठे थांबवावे आणि कुठे कुजू द्यावे

कोकणात आणि घाटमाथ्यावर लाकूड प्रामुख्याने तीन ठिकाणी कुजते: कौलारू घराच्या वळचणीला, वाडीतल्या जुन्या झाडांच्या खोडात आणि रानात पडलेल्या ओंडक्यांत. तिन्ही ठिकाणी काम करते ती बुरशीच. आपण काय करावे हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. घरात ही क्रिया थांबवावी लागते, उभ्या झाडात ती किती दूर गेली आहे हे मापावे लागते आणि रानात तिला हात न लावणे हेच योग्य असते. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. गळके कौल वर्षानुवर्षे तसेच राहते, पोकळ झाड भीतीपोटी तोडले जाते आणि रानातला पडका ओंडका ‘साफसफाई’ म्हणून उचलला जातो. हा क्रम सुलटा करायचा, तर बुरशी लाकडात काय करते हे आधी समजून घेतले पाहिजे.

बुरशी लाकडात काय करते

सुक्या लाकडाच्या वजनात साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि तेवढेच लिग्निन असते. सेल्युलोज व हेमिसेल्युलोज या साखरेच्या रेणूंच्या साखळ्या आहेत. म्हणजे ते अन्नच आहे, पण लिग्निनने वेढलेले. लिग्निनच्या रेणूला ठरावीक, पुन्हा पुन्हा येणारी रचना नसते, त्यामुळे एखाद्या विकराने (एन्झाइमने) एकाच प्रकारचा बंध क्रमाने तोडत जावे अशी सोय तिथे नाही. शिवाय लाकडात नत्र इतके कमी असते की बहुतेक जीवांना केवळ त्यावर वाढणे परवडत नाही. म्हणून पाने आणि फळे काही आठवड्यांत मातीत मिळतात, पण खोड वर्षानुवर्षे पडून राहते.

बुरशीचे शरीर म्हणजे काही सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या तंतूंचे जाळे. हे तंतू लाकडाच्या पोकळ पेशींतून सरकतात, विकर बाहेर सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. अडचण अशी की निरोगी पेशीभित्तिकेची छिद्रे इतकी बारीक असतात की विकरांचे मोठे रेणू आत शिरूच शकत नाहीत. ही अडचण बुरशींनी दोन मुख्य मार्गांनी सोडवली आहे, आणि कुजलेला तुकडा हातात घेऊन आपण जे पाहतो तो याच दोन मार्गांचा परिणाम असतो.

पहिला मार्ग पांढऱ्या कुजीचा. या बुरशी पेरॉक्सिडेझ आणि लॅकेझ गटातील विकरांच्या साहाय्याने प्रत्यक्ष लिग्निनचेच ऑक्सिडीकरण करतात. लिग्निन पेरॉक्सिडेझ हे विकर १९८३ साली अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ओळखले, आणि दोन्हीकडे अभ्यासली जात होती ती बुरशी एकच होती: फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम. लिग्निन निघून गेले की मागे फिकट, तंतुमय, ओले असताना स्पंजासारखे दबणारे लाकूड उरते.

दुसरा मार्ग तपकिरी कुजीचा. येथे बुरशी लिग्निन खात नाही, तर त्याला वळसा घालते. ती लोहाचे आयन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची अभिक्रिया घडवून आणते. त्यातून निर्माण होणारे अतिक्रियाशील हायड्रॉक्सिल रॅडिकल भित्तिकेत खोलवर जाऊन सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात. लिग्निनमध्ये काही बदल होतात, पण त्याचा बराचसा भाग तपकिरी अवशेष म्हणून मागे राहतो. या कुजीचा धोका असा की ती दिसण्याआधीच ताकद घेऊन जाते. लाकडाच्या वजनात १० टक्केही घट झालेली नसते, तेव्हा आघात सोसण्याची त्याची क्षमता निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते.

तिसरा प्रकार मऊ कुजीचा. फार ओल्या किंवा कधी भिजणाऱ्या, कधी सुकणाऱ्या लाकडाच्या पृष्ठभागावर ती आढळते. कुंपणाच्या खांबाचा काळपट, नखाने खरवडला जाणारा थर बहुधा हिचाच असतो, आणि तो खरवडला की खाली बऱ्याचदा टणक लाकूड लागते.

पाणी आणि हवा

घरदुरुस्तीच्या दृष्टीने या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट ही आहे. लाकडाच्या पेशीभित्तिका पाण्याने पूर्ण भरतात तेव्हा त्यातील ओलावा सुक्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के असतो. बुरशीला जोमाने वाढण्यासाठी त्याहून अधिक, म्हणजे पेशीच्या पोकळीत मोकळे पाणी लागते. २० टक्क्यांच्या खाली ओलावा असेल तर कूज पुढे सरकत नाही. आता पावसाळ्यातल्या हवेचा विचार करावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असली, तरी छपराखालचे लाकूड केवळ त्या हवेतून साधारण २० टक्क्यांपर्यंतच ओलावा घेते. याचा अर्थ, कोकणातल्या पावसाळी हवेने वासा सहसा कुजत नाही; तो कुजतो गळक्या कौलाने, तुंबलेल्या पन्हळीने, भिंतीतून चढणाऱ्या ओलीने किंवा न्हाणीघराच्या झिरपण्याने. ‘इथली हवाच अशी’ असे म्हणून आपण जे सोडून देतो, त्यामागे जवळजवळ नेहमी एखादी नेमकी, शोधता येणारी जागा असते.

हवाही तितकीच आवश्यक आहे. पाण्यात किंवा चिखलात पूर्ण बुडालेल्या लाकडाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ते दीर्घकाळ टिकते. मांडवाचा किंवा कुंपणाचा खांब जमिनीच्या पातळीवरच मोडतो याचे कारण हेच: वरचा भाग वाऱ्याने सुकतो, खोल गाडलेल्या भागाला हवा कमी पडते, आणि मधल्या वीतभर पट्ट्यात ओल व हवा दोन्ही भरपूर असतात. म्हणून खांब तपासताना वरून हलवून पाहण्यापेक्षा बुंध्याभोवतीची माती थोडी उकरून तेथे दाभण टोचावे.

घरातील लाकूड कसे तपासावे

पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, एक दाभण किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर, लहान हातोडा आणि बॅटरी घेऊन घर पाहावे. वळचणीकडची वाशांची टोके, भिंतीत गेलेली तुळईची टोके, उंबरठा, दाराच्या चौकटीचा तळ आणि दोन छपरे मिळतात तिथली पन्हळीखालची रीप ही ठिकाणे प्रथम घ्यावीत, कारण पाणी तेथेच थांबते. तुळईच्या भिंतीतल्या टोकाकडे सहसा कोणी पाहत नाही. तेच टोक सर्वांत आधी जाते.

हातोड्याने हलके ठोकत गेल्यास चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो आणि कुजलेल्या भागाचा बोदा. ही परीक्षा केवळ संशय घेण्यापुरती आहे. खात्री करण्यासाठी दाभण लाकडाच्या तंतूंच्या दिशेला तिरके खुपसून एक काटकी उचकटावी. निरोगी लाकूड लांब, धारदार ढलपीच्या रूपाने आवाज करत सुटते. कूज लागलेले लाकूड दाभणाजवळच आखूड, आडवे आणि जवळजवळ आवाज न करता तुटते. वरून रंगही न बदललेल्या तपकिरी कुजीची पहिली खूण अनेकदा हीच असते. कूज पुढे गेली की जळून विझलेल्या कोळशावर पडतात तशा चौकोनी भेगा दिसू लागतात आणि तुकडा बोटांत चुरला की त्याची तपकिरी पूड होते.

इतर गोष्टींशी गल्लत होऊ देऊ नये. लाकडावरचा हिरवा-काळा, कापडाने पुसला जाणारा थर ही पृष्ठभागावरची साधी बुरशी असते. ती लाकडातील सुट्या साखरेवर आणि पिठूळ अंशावर जगते व ताकद कमी करत नाही. ती आली म्हणजे तेथे ओल आहे एवढी सूचना मात्र घ्यावी. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, बारीक गोल छिद्रांतून पिठासारखी भुकटी गळत असेल तर भुंगेरे आहेत. कुजलेल्या लाकडाकडे वाळवी बऱ्याचदा आकृष्ट होते, तेव्हा दोन्ही एकत्र सापडणे शक्य आहे. अशा वेळी केवळ वाळवीचे औषध फवारून ओल तशीच ठेवली, तर काम अर्धेच होते.

ओलावा मोजण्यासाठी दोन टोकांचे विजेवर चालणारे मापक बाजारात मिळते. ते नसेल तर बदलायच्या वाशाचा एक तुकडा कापून लगेच वजन करावे आणि साधारण १०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत, वजन कमी होणे थांबेपर्यंत, सुकवून पुन्हा वजन करावे. दोन वजनांतील फरकाला सुक्या वजनाने भागून १०० ने गुणले की टक्केवारी मिळते. तुकडा ओला असताना २६० ग्रॅम आणि सुकल्यावर २०० ग्रॅम भरला, तर ओलावा ३० टक्के होता, म्हणजे बुरशीला पोषक होता.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलू नये. प्रथम पाण्याची वाट बंद करावी. मग लाकूड वाऱ्यावर सुकू द्यावे. त्यानंतर कुजलेला भाग कापावा, आणि कापताना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे दीड-दोन फूट जावे, कारण बुरशीचे तंतू नजरेला दिसतात त्याहून बरेच पुढे पोहोचलेले असतात. ओल्या लाकडावर तैलरंग लावणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. रंगाखाली पाणी कोंडले जाते आणि बुरशीला जे हवे तेच आपण तिला पुरवतो.

नवे लाकूड निवडताना नुसते झाडाचे नाव पाहू नये. सागाचे टिकाऊपण त्याच्या गाभ्यातील टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे येते. गाभ्याबाहेरचे फिकट लाकूड सागाचे असले तरी लवकर कुजते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत निरनिराळ्या लाकडांच्या पट्ट्या जमिनीत अर्धवट गाडून त्यांचे आयुष्य मोजण्यात आले आणि त्यावरून तीन वर्ग ठरले: सरासरी १२० महिने वा अधिक टिकणारा पहिला, ६० ते १२० महिन्यांचा दुसरा आणि ६० महिन्यांहून कमी टिकणारा तिसरा. साग आणि साल पहिल्या वर्गात येतात, आंबा आणि सावर तिसऱ्यात. हे आकडे उघड्यावर, मातीत गाडलेल्या लाकडाचे आहेत. कोरड्या छपराखाली आंब्याची फळीही कितीतरी अधिक टिकते.

छपराखालच्या लाकडासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांचे द्रावण चांगले, कारण ते ओलसर लाकडात आतपर्यंत झिरपते. पावसात मात्र ते धुपून जाते, तेव्हा उघड्यावरच्या खांबाला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी दाब देऊन मुरवलेले तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे मिश्रण जगभर वापरले गेले; १९३३ साली ते शोधले सोंती कामेशन यांनी, डेहराडूनच्या याच संस्थेत. आर्सेनिकमुळे आता अनेक देशांत त्याच्या घरगुती वापरावर बंधने आहेत. असे हिरवट लाकूड जुन्या बांधकामातून निघाले तर ते चुलीत किंवा शेकोटीत जाळू नये आणि त्याचा भुसा गोठ्यात वा खतात टाकू नये.

उभ्या झाडातील कूज

खोडावर फळीसारखी कडक बुरशी दिसली की झाड मेले असे समजू नये. ती फळी म्हणजे बुरशीचे केवळ फळ आहे. तिचे जाळे आत बराच काळ काम करत असते. फणसाच्या खोडावर येणारी, फेलिनस गटातील तपकिरी, लाकडासारखी कडक बुरशी सह्याद्रीतल्या गावांत फणसोंबा म्हणून ओळखली जाते आणि घरगुती औषधात वापरली जाते. ती काढून नेली तरी आतली कूज थांबत नाही. झाडाचा गाभा मुळातच मृत पेशींचा असतो. पाणी आणि अन्न वाहणारा जिवंत भाग सालीलगत असतो, म्हणून आतून पोकळ झालेले झाड अनेक वर्षे फळते.

प्रश्न असतो ते उभे राहील की नाही, एवढाच. फळी बुंध्याशी किंवा मुळांवर आली असेल तर ती फांदीवरच्या फळीपेक्षा गंभीर समजावी. खोड ठोकून पोकळीचा विस्तार अजमावावा. उरलेल्या निरोगी कवचाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी असेल, तर जाणकाराला दाखवावे आणि खाली घर, गोठा किंवा वाट आहे का हे पाहावे. खाली काही नसेल तर घाई करण्याचे कारण नाही. अनेकदा शेंड्याचा भार हलका करणे पुरते. शहरात तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

पोकळीत सिमेंट भरण्याची पद्धत सोडून द्यावी. सिमेंट खोडाबरोबर वाकत नाही, त्याच्या आणि लाकडाच्या फटीत पाणी साचते आणि आधाराच्या नावाखाली कुजीला ओल मिळते. शहरातल्या पदपथावर बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतणे त्याहून वाईट, कारण त्या कामात मुळे तुटतात आणि जखमांतून मूळकूज आत शिरते. जोराच्या पावसात आडव्या झालेल्या झाडांची तुटकी, काळपट मुळे पाहिली की हे लक्षात येते. बागेत छाटणी करताना फांदीच्या तळाशी जो फुगीर कंगोरा असतो तो राखून त्याच्या बाहेर काप घ्यावा. तो कंगोरा जखम बंद करणाऱ्या ऊतींचा असतो. खोडाला अगदी सपाट लावून काप घेतला तर तो जातो, आणि लांब खुंट ठेवला तर खुंट कुजून कूज आत उतरते. मोठ्या कापावर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो पेस्ट लावण्याची आपल्याकडची पद्धत आहे. पण योग्य जागी घेतलेला काप हाच खरा उपाय आहे.

रानातला ओंडका

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडतो. जांभ्याच्या जमिनीतून विद्राव्य पोषके या पाण्याबरोबर वाहून जातात. अशा ठिकाणी पडलेले खोड ही साठवण असते: बुरशी त्यातील पोषके आणि मातीतून ओढून आणलेले नत्र व स्फुरद आपल्या तंतूंत बांधून ठेवते, आणि ते तंतू किडे-गोगलगायी खातात किंवा मरतात तेव्हा ती हळूहळू मोकळी होतात. जगातल्या जंगलांतील एकूण कार्बनपैकी सुमारे ८ टक्के कार्बन मृत लाकडात आहे असा २०११ मधील एका जागतिक आढाव्याचा अंदाज आहे. लाकूड जाळले की तो एका रात्रीत हवेत जातो. कुजताना तो वर्षानुवर्षे जीवांच्या साखळीतून फिरत राहतो.

पोकळ्याही बुरशीच तयार करते. धनेशाला चोचीने खोड कोरता येत नाही. गाभा कुजून पोकळ झालेले मोठे झाड मिळाले तरच त्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी घालू शकते. ११३ वर्षांनंतर १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा आढळलेला रानपिंगळाही ढोलीतच घरटे करतो. गोव्यात आणि कोकणात वारुळावर उगवणारी जी अळंबी आवडीने खाल्ली जाते, ती टर्मिटोमायसेस गटाची. वाळवी मृत लाकूड आणि पालापाचोळा वारुळात नेऊन त्यावर ही बुरशी वाढवते. रानातली सगळी वाळकी लाकडे उचलली तर त्या वाळवीचा कच्चा मालच जातो.

ओंडका वाचण्याची सवय करून घ्यावी. उन्हातल्या ताज्या फांद्यांवर प्रथम करड्या, केसाळ पंख्यांसारखी शिझोफायलम आणि भडक नारिंगी पिक्नोपोरस येते. ओल मुरलेल्या लाकडावर कानाच्या पाळीसारखी ऑरिक्युलेरिया. फार जुन्या, मऊ लाकडावर काळ्या बोटांसारखी झायलेरिया. फळीबुरशीची छिद्रे नेहमी जमिनीकडे असतात. आडव्या खोडावर छिद्रे बाजूला असलेल्या जुन्या फळ्या दिसल्या, तर झाड उभे असतानाच त्यात कूज होती असे निश्चित म्हणता येते. कापलेल्या तोंडावर शाईने काढल्यासारख्या बारीक काळ्या रेषा दिसतात, त्या दोन बुरशींच्या, किंवा एकाच जातीच्या दोन वेगळ्या वसाहतींच्या सीमा असतात. आपल्या रानात रुंद पानांची झाडे असल्याने बहुतेक ओंडके पांढऱ्या कुजीचे आढळतात. तपकिरी कुजीचे मोठे प्रमाण पाहायचे असेल तर हिमालयातल्या सूचिपर्णी वनांत जावे लागते. युरोपातली घरे पोखरणारी सर्प्युला लॅक्रिमन्स ही बुरशी हिमालयात रानटी अवस्थेत सापडते.

भीमाशंकरच्या किंवा म्हादईच्या रानात पावसाळ्याच्या रात्री कुजक्या फांद्या हिरवट उजेड देतात, तोही लाकडात शिरलेल्या बुरशीचा. तो पाहायला जावे, बॅटरी विझवून दहा-पंधरा मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत, आणि फांदी जागेवरून हलवू नये. सुकली की तिचा उजेड जातो.

परसातही हे करता येते. आजारी नसलेल्या झाडाचे जाडसर ओंडके सावलीत, मातीला टेकवून, घराच्या भिंतीपासून निदान दहा-बारा फूट दूर ठेवावेत. साल काढू नये, कारण ती ओल धरून ठेवते. लाकडाचा ताजा भुसा मात्र वाफ्यात मिसळू नये. त्यावर वाढणारी बुरशी आणि जीवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. भुसा वरून आच्छादन म्हणून पसरला तर हा त्रास फारसा होत नाही.

अनेक देवरायांत वाळकी काटकीही उचलायची नाही असा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, म्हणून तिथे आजही निरनिराळ्या टप्प्यांवर कुजणारी प्रचंड खोडे एकत्र पाहायला मिळतात. जिथे मंदिराचा जीर्णोद्धार किंवा उत्सवाची तयारी म्हणून रान झाडून घेण्याचा आग्रह होतो, तिथे गावकऱ्यांनी एवढे तरी ठरवावे: झाड पायवाटेवर आडवे पडले असेल तर फक्त वाटेपुरता तुकडा कापावा, तो बाजूला लोटून तिथेच राहू द्यावा आणि उरलेली दोन्ही टोके पडली आहेत तशीच ठेवावीत.